सातवी सूचना

प्रिय मिलिंद,

परवा पोळा. सकाळी हॉटेलात तुझ्या कोड्याचा कागद येईल, तू येणार नाहीस. त्याआधी मला तुझ्याशी भांडून घ्यायचं आहे, म्हणून लिहितो.

सणाला कोडं, हे आपल्या अनसिंग गावात तुझंच खूळ. चौकटीच्या वहीवर पेन्सिलीनं तक्ता आखायचास. पोळ्याला पाच बैलजोड्या, पाच मालक, पाच रंगांच्या झुली, आणि खाली सूचना. 'लाल झुलीची जोडी तोरणाच्या टोकाला नाही.' 'किसनाची जोडी निळ्या झुलीच्या शेजारी आहे.' जमत नाही तिथं फुली मारायची, जमतं तिथं बरोबरची खूण, आणि कोण कुठं उभा ते शोधायचं. भीमजयंतीला मिरवणुकीतली माणसं, संक्रांतीला वाणाची ताटं. पोळ्याला तर पहिल्या येणाऱ्यानं तोरणाखाली, झडत्यांची गाणी म्हणून झाली की, साऱ्या गावासमोर उत्तर वाचायचं!

बारा वर्षांत किती वेळा मी वाचलं रे? सातवी नापास, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा सुखदेव! मास्तर, ग्रामसेवक डोकं खाजवत बसायचे आणि मी त्यांना डिवचायचो, "काहून साहेब, तुमच्या परीक्षेत हे नव्हतं काय?" तू मान खाली घालून हसायचास. तेव्हाच मला शंका यायला नको होती?

सगळ्यांना झेरॉक्स, मला तुझ्या हातचा कागद. मला वाटायचं, लहानपणच्या दोस्तीचा मान आहे.

तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, जेवणं झाल्यावर माझ्यामागं तुझ्या शाळेतले दोन मास्तर बोलत होते. माझे कान तुला माहीत आहेत. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी त्याचं दुखणं सांगतो.

"सरचं होळीचं कोडं लय अवघड होतं बाप्पा. सहा सूचनांत सुटूनच नाही राह्यलं."

मी वळलो. "सहा? सात होत्या ना!"

"सुखदेवभाऊ, तुमाले सरनं एक जास्त देली काय?"

दोघं हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू कुठं गेलं, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शीलावहिनीकडून तुझी फाईल मागून घेतली. पहिलं कोडं सोडलं तर प्रत्येक सणाचे दोन कागद. एकावर सहा सूचना. दुसऱ्याच्या कोपऱ्यात माझं नाव आणि खाली सातवी. बारा वर्षं, मिलिंद! एकही सण सोडला नाहीस!

"वहिनी, काहून केलं त्यानं असं?"

"भाऊजी, पयल्या कोड्यात हरले तवा तुमी पंधरा दिवस आमच्या घराकडं फिरकले नाही. ते म्हणत, त्याले हरवून मले काय भेटते?"

खरंच फिरकलो नव्हतो. पण मग घरी येऊन चार शिव्या द्यायच्या होत्यास! गॅरेज मी रिकाम्या हातांनी उभं केलं. कोणी दया दाखवली तर मी ती दारातूनच परत पाठवली, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि तूच ती गुपचूप माझ्या हातात देत राहिलास.

सर्वांत जास्त काय सलतं सांगू? त्यातली दोन-चार कोडी तरी मी सातव्या सूचनेशिवाय सोडवली असती. कोणती? आता कसं कळणार? जुने कागद घेऊन बसलो, पण उत्तरं पाठ आहेत. तू माझी खोटी जीत तर नेलीसच, खरीही नेलीस.

फाईलमध्ये परवाच्या पोळ्याचे दोन्ही कागद तयार होते. आजारपणातही माझा वेगळा कागद लिहायला विसरला नाहीस! मी ते वाचले नाहीत, तुझी शपथ. नाव दिसताच फाईल मिटली आणि वहिनीला म्हणालो, "सहावाल्याच्या झेरॉक्स काढा अन् पोळ्याच्या सकाळी हॉटेलात पाठवा. माझ्या नावाचा तुमच्यापाशीच ठेवा."

परवा कागद हातात घेण्याआधी उभा राहून सगळ्यांना सातव्या सूचनेची गोष्ट सांगीन. ज्यांना डिवचलं त्यांची माफी मागीन. मग त्यांच्यासारखाच सहा सूचनांवर बसीन. हरलो, तर जिंकणाऱ्याचं उत्तर तोरणाखाली उभा राहून ऐकीन, आणि संध्याकाळी तुझ्या घरी जाऊन वहिनीला स्वतः सांगीन, की हरलो. हा शब्द आहे.

तुझ्यावर अजून रागावलेला,
सुखदेव