मागच्या पुठ्ठ्यावरची अक्षरं

२ फेब्रुवारी, सोमवार

मेणबत्त्या बाद. साबण बाद. बाटलीतल्या बिया — त्याही बाद!

चार दिवस झाले, ताईच्या लग्नात पाहुण्यांना रिटर्न गिफ्ट काय द्यायचं याचा शोध चाललाय. घरी केलेलंच हवं, हे तिचंच म्हणणं. मोबाइलवर बघताना सगळं सोपं वाटतं. त्या व्हिडिओतल्या बाईच्या मेणबत्त्या गुळगुळीत, आमच्या मधोमध खचलेल्या. साबणाला फुलांचा वास यायला हवा होता, आला फिनाइलचा. आई म्हणाली, एक पाहुण्यांना द्या, एक फरशीला ठेवा.

आज संध्याकाळी ताई फोनपाशी उभी होती. तिथे नंबर लिहायला एक छोटी वही असते, मी बांधलेली, सात-आठ वर्षांपूर्वीची. ती उघडून बघत राहिली. मग म्हणाली, "हेच देऊ या सगळ्यांना. मला तुझ्या हातचं हवंय."

एकशे साठ पाहुणे. मी लगेच हो म्हटलं. मग बाथरूमचं दार लावून बोटांवर मोजलं. रोज पाच. जमेल. नाही जमलं तर? जमेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आत्या आली. म्हणाली, मदतीला नाही, नुसती बघायला आलेय. अर्ध्या तासात बाह्या वर!

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तीस वर्षं ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं बांधली तिने. मला दमा होता म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. आत्यानेच शिकवलं, याच जेवणाच्या टेबलावर. वही कधी विकत आणली नाही. आधी वही बांधायची, मग तिच्यात लिहायचं. ताई दप्तर घेऊन शाळेत जायची आणि मी इथे सुईत दोरा ओवत बसायचे. ताई अजून सगळ्यांना सांगते, हिच्या शाळेत ही एकटीच होती, तरी हिचा दुसरा नंबर आला की काय म्हणून ही रडायची.

आत्याचा उजवा अंगठा आता सुजलेला असतो. दोरा ताणून ओढता येत नाही. म्हणून ती कागद कापणार, घड्या घालणार. मी शिवणार. पुठ्ठ्याला रंगीत कागद दोघींनी मिळून.

आणि सगळं झालं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने आपल्या नावाचं पहिलं अक्षर. ही आत्याची जुनी शिस्त. वही उसवली तर कुणाला बोल लावायचा ते कळलं पाहिजे, असं ती म्हणते. माझ्या लहानपणच्या सगळ्या वह्यांवर माझं एकटीचं अक्षर आहे. आज पहिल्या वहीवर मी माझं लिहिलं आणि पेन्सिल तिच्यापुढे केली. तिने जरा वेळ घेतला. मग माझ्या शेजारी तिचं लिहिलं. लहानसं.

११ फेब्रुवारी, बुधवार

बावीस झाल्या. तीन उसवल्या. एकीची घडी किंचित तिरकी होती. ताई म्हणाली, कोण बघणार आहे? मी बघितलं ना!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ताई ऑफिसातून लवकर आली आणि चक्क आमच्यात येऊन बसली. वह्यांना हात लावायची तिला बंदी आहे, म्हणून कागदी फुलं करायला दिली. सभागृहात माळा लावायच्यात. तिची फुलं कोबीसारखी होत होती. एकेक फूल माझ्यापुढे धरून विचारायची, "इन्स्पेक्टर, पास का नापास?" मी खरं ते सांगत गेले. अकरापैकी दोन पास. आत्या इतकी हसली की तिला कात्री खाली ठेवावी लागली.

तिघी एका टेबलाशी किती वर्षांनी बसलो. मला वाटलं, लग्न झाल्यावर हे नाही. मग वाटलं, पण आज तर आहे.

उठताना ताईने दोन वह्या घेतल्या. सासूबाईंना नमुना दाखवते म्हणाली. मी चांगल्यातल्या चांगल्या निवडून दिल्या. नंतर अर्धा तास काळजी — निळीचा कोपरा नीट चिकटला होता ना?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एकही वही शिवली नाही.

माळा किती लांब लागतील ते मोजायला ताईबरोबर सभागृहात गेले होते. तिच्या होणाऱ्या सासूबाईही आल्या होत्या. माझ्याशी छान बोलल्या. तब्येत विचारली. मग म्हणाल्या की त्या वह्या त्यांना फार आवडल्या, आणि सभागृह सजवणाऱ्या त्या बाईंच्या दुकानात सगळं हातानेच करतात का.

मला वाटलं त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय. मी तोंड उघडलं. ताईने टेबलाखालून माझा पाय दाबला — दाबला कसला, चेचला. आणि म्हणाली, "हो ना आई, त्यांच्याकडे सहा-सहा महिने आधी सांगावं लागतं."

किती सहज. आवाजही बदलला नाही.

बसमध्ये विचारलं. ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. नणंदेच्या लग्नात म्हणे एकूण एक गोष्ट मोठ्या दुकानातून आली होती. ते लोक पहिल्यांदा आपल्याकडे आले तेव्हा आईने शिवलेल्या पडद्यांकडे बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, तुमच्याकडे बायकांना वेळ बरा मिळतो. मला तो टोमणा कळलाही नव्हता. ताई तेव्हापासून मनात धरून आहे.

मी म्हटलं, मग मला कशाला करायला सांगितल्यास?

"कारण दुकानातल्या इतक्या चांगल्या नव्हत्या."

हे ती कौतुक म्हणून म्हणाली. खरंच कौतुक म्हणून! तेच जास्त लागलं. चांगल्या हव्यात, माझ्या नकोत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मी खोटं बोलले नाही. गप्प बसले. गप्प बसणं हे खोटं बोलणं असतं का? असले प्रश्न मी आत्याला विचारते. हा तिलाच विचारता येत नाही.

ती आज आली, पंधरा वह्यांच्या घड्या घातल्या आणि मग अंगठा गरम पाण्यात धरून बसली. मी खाली मान घालून शिवत राहिले. दोनदा सुई टोचली.

६ मार्च, शुक्रवार

लेबलं आली. सोनेरी काठाची, गोल, सजावटवाल्या बाईंच्या दुकानाच्या नावाची. माळांची टांगणी त्याच करणार आहेत, म्हणून ताईने त्यांच्याकडून मागून घेतली.

पाकीट माझ्यापुढे ठेवलं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत, खालच्या कोपऱ्यात लावायची. तिथेच का ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अक्षरं झाकायला, आणखी कशाला?

"तूच लाव. तुझं चिकटवणं सरळ असतं."

मी नाही म्हटलं. खरंच म्हटलं, मोठ्याने. तेव्हा ती पलंगावर बसली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तू लग्नाहून परत घरी येशील. मला त्या घरात राहायचंय. पहिल्याच दिवशी खोटी ठरले तर पुढे माझं कोण ऐकेल?"

मग कशाला बोललीस खोटं — हे मनात. ओठांवर आलंच नाही. तिचे डोळे भरले होते आणि ती ते माझ्यापासून लपवत होती. लहानपणी मला धाप लागली की ती रात्रभर माझी पाठ चोळायची. तिला मी कसं नाही म्हणणार?

लावली. तयार होत्या तेवढ्या सगळ्यांना. एकशे चव्वेचाळीस. एकही तिरकं नाही.

१० मार्च, मंगळवार

वह्या संपल्या! शेवटची आत्याच्या आणि माझ्या अक्षरासकट बांधून झाली. आत्याने पाठीवर हात ठेवला. तिच्या शाळेत याच्यावर बक्षीस नाही.

मग म्हणाली, सगळ्या एकदा एकत्र बघू या का.

खोकी माझ्या पलंगाखाली होती. मी म्हटलं, बांधून ठेवल्यात, आता उघडायला नकोत. ती बरं म्हणाली. नेहमी दहादा उघडून-मिटून बघणारी आत्या नुसती बरं म्हणाली! नवल वाटलं. सुटका वाटली, ते जास्त वाईट.

ती गेल्यावर शेवटच्या सोळांना लेबलं लावली.

१५ मार्च, रविवार

आईला माहीत होतं. बाबांनाही. पहिल्यापासून.

आईला म्हटलं, तुझ्या पडद्यांवरून बोलल्या त्या, तुला काही वाटत नाही? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, वाटून काय करू, पडदे बदलले ना. खरंच की. बैठकीत नवे पडदे आहेत महिनाभर, आणि मला वाटत होतं लग्न आहे म्हणून.

मग मला का नाही सांगितलंत?

"तू लगेच जाऊन सांगितलं असतंस त्यांना. तुझं काय, तुला खरं बोलल्याशिवाय अन्न पचत नाही."

म्हणजे घरात सगळे ठरवून बोलत होते आणि मी खोलीत आले की विषय बदलायचा. तीन आठवडे मी टेबलाशी बसून गुणगुणत होते. ते बघत होते.

२१ मार्च, शनिवार

दिवसभर सभागृहात. माळा लागल्या. सजावटवाल्या बाई शिडीवरून उतरल्या आणि एक वही हातात घेऊन शिवण बघत राहिल्या. हळूच म्हणाल्या की माझं नाव लागतंय, मला फायदाच आहे, पण तुम्ही यांना हो कसं म्हणालात? परक्या बाईने विचारलं. घरात कुणी नाही विचारलं.

आत्या उद्या येणार. वही तिच्या हातात जाणारच. ती मागचं पान उघडणारच. आज सांगायला हवं होतं. दोनदा फोन हातात घेतला.

२३ मार्च, सोमवार

काल लग्न झालं. छान झालं. सगळे म्हणतात.

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दाराशी वह्यांचं टेबल होतं, मी तिथे उभी. आत्या आली. राखाडी रंगाची वही उचलली, उघडली, मिटली, उघडली. मागचं पान उलटलं. लेबलावर बोट ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. तिथेच उभी राहिली, एका बाजूला.

तेवढ्यात सासूबाई दोन बायकांना घेऊन आल्या. त्यांना वह्या दाखवत होत्या, कौतुकाने. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. डाव्या तर्जनीवर सुईच्या खुणा, अंगठ्याला दोऱ्याचा घट्टा. त्यांनी माझा हात हातात घेतला. टोमणा नव्हता त्यात. तसं म्हटलं तर मी खोटी ठरेन. अगदी मायेने विचारलं, "या तूच केल्यास ना गं?"

दार उघडंच होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. मागे ताई उभी होती, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. समोर आत्या — तिने वही छातीशी धरली होती आणि माझ्याकडे बघून किंचित हसत होती. पाढे म्हणायला उभी राहिले की असंच हसायची.

मी म्हटलं, "नाही हो. दुकानातूनच आणल्यात. आमच्या घरी कुणाला एवढं येत नाही."

अडखळले नाही. आवाजही बदलला नाही.

दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने जोडलं. पहिलं नीट पटावं म्हणून. कामात कसर नको!

सासूबाईंनी हात सोडला. आत्याने वही परत टेबलावर ठेवली, बाकीच्यांच्या ओळीत, कडेला कड जुळवून. ताईने मला मागून घट्ट मिठी मारली, कानात म्हणाली की जन्मात पहिल्यांदा माझ्या बाजूने बोललीस.

आत्या जेवायला थांबली नाही.

२६ मार्च, गुरुवार

आत्या फोन उचलत नाही. ताईचा आला. मजेत आहे. मी लवकर ठेवला.

सगळ्यांचा राग येतो. ताईचा, आईचा, त्या सोनेरी लेबलांचा. राग करायला माणसं पुष्कळ आहेत. पण ते दुसरं वाक्य आठवलं की यादी संपते.

२९ मार्च, रविवार

आत्याकडे गेले. दारातच सगळं सांगून टाकलं — बसमधलं, लेबलं, पलंगाखालची खोकी. ती म्हणाली, मला माहीत होतं. ताई फेब्रुवारीतच येऊन सांगून गेली होती, कुणी विचारलं तर दुकानातल्या म्हण. आणि आत्याने हो म्हटलं होतं.

आत्याने!

मी विचारलं, तू का हो म्हणालीस? तिने मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाली, "मला वाटलं, कुणी विचारलंच तर खरं सांगायला तू आहेस. तुझ्या भरवशावर हो म्हटलं गं मी."