तुझ्या केसाळ सपाता

प्रिय सूनबाई,

आता हा शब्द लिहू नये हे मला कळतं. कोर्टाचा निकाल लागून इतके महिने झाले. तू तुझ्या घरी, आमचे चिरंजीव त्यांच्या नव्या नोकरीच्या गावी, आणि सून हा शब्द तेवढा माझ्या जिभेवर ठाण मांडून बसलेला. पण तुला दुसरं काय म्हणू? नावाने हाक मी तुला कधी मारलीच नाही. तेव्हा एवढा एक शब्द गोड मानून घे आणि पुढे वाच. तुझा फोनवरचा निरोप मिळाला होता. ‘आई, माझ्या केसाळ सपाता तिथे राहिल्यात, सवडीने कुरियरने पाठवाल का?’ त्यावर मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि गप्प बसले. तुला वाटलं असेल, म्हातारी विसरली. विसरले नाही गं, चांगली शुद्धीत राहून टाळलं. तुझी पुस्तकं गेली, कपड्यांच्या बॅगा गेल्या, खिडकीतल्या कुंड्या गेल्या, भिंतीवरचं घड्याळ गेलं. ह्या सपाता म्हणजे ह्या घरातली तुझी शेवटची वस्तू. त्या एकदा खोक्यात घालून रवाना केल्या की तुला मला फोन करायला निमित्त उरत नाही, आणि मला तुला करायला. म्हणून पाठवल्या नाहीत.

दुसरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे. त्या मी घालते! हसू नकोस. तू त्या आणल्यास तेव्हा मी काय काय बोलले होते ते मला सगळं आठवतं. पायात घालायच्या आहेत की मांडीवर घेऊन कुरवाळायच्या, असं विचारलं होतं. पुढे बोटं उघडी, मागे टाच उघडी, मधे तेवढा तो रुंद केसाळ पट्टा. म्हणजे जिथे गारठा लागतो तिथे काही नाही आणि जिथे लागत नाही तिथे रजई, असंही म्हणाले होते. काय करणार, जन्मभर लाँड्री चालवलेल्या बाईला कुठलीही सुंदर वस्तू दिसली की आधी तिचे डाग कसे निघतील हेच सुचतं. त्यात ही खोटी फर भारी नाठाळ. जरा गरम वाफ लागली की तिच्या जटा झाल्याच म्हणून समज. तू माझं काही एक मनावर घेतलं नाहीस. त्याच सपाता घालून घरभर हिंडायचीस, जिना उतरून दुकानात यायचीस, कोपऱ्यावर पाव आणायला जायचीस. एकदा तर शाळेत शिकवायला निघालीस आणि निम्म्या वाटेवरून धावत परत आलीस, कारण पायात सपाताच होत्या. त्या दिवशी आपण दोघी जिन्यात बसून पोट धरून हसलो होतो. चिरंजीव मधून वाट काढत कामाला निघून गेले, काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही.

तू गेल्यावर त्या दाराआड तशाच पडून होत्या. एके सकाळी फरशी बर्फासारखी गार, माझ्या रबरी चपला खाली दुकानात राहिलेल्या, म्हणून म्हटलं जिना उतरेपर्यंत पाय घालू. जिना उतरले आणि काढायचं मनच होईना. अगं, पायाखाली इतकं मऊ असू शकतं हे मला ह्या वयात कळावं? ओल्या फरशीवर उभं राहून माझ्या टाचांची काय दशा झाली आहे ते तुला ठाऊक आहे, मलम तूच लावायचीस. माझा पाय तुझ्यापेक्षा मोठा, त्यामुळे टाच मागून जरा बाहेर डोकावते, पण डोकावेना का. दुकानात जिथे पाणी असतं तिथे मी त्या नेत नाही, एवढं पथ्य पाळते. बाकी घरात, भाजीला, औषधाच्या दुकानात सगळीकडे त्याच. परवा बँकेतही गेले. रांगेतली एक कॉलेजातली पोरगी माझ्या पायांकडे बघून म्हणाली, आजी, एकदम झकास. सुनेच्या आहेत म्हटलं.

असं म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत ते मला टोचत राहिलं. म्हटलं, बाई, ज्यांची वस्तू त्यांना दे. गोड बोलून दुसऱ्याची चीज दाबून ठेवायची हे काही खरं नाही. मग मन घट्ट केलं. आता पाठवायच्या तर आपल्या दुकानाच्या इभ्रतीला शोभतील अशा. साबणाच्या नुसत्या फेसाने पुसल्या, सावलीत वाळवल्या, बाळांचा मऊ ब्रश असतो ना, त्याने एकेक केस विंचरून फुलवल्या. नव्या कोऱ्या दिसायला लागल्या. आणि खोकं शोधायला मी वर गेले. त्या ठेवल्या कुठे? काउंटरवर! आपल्या दुकानाचा नियम तुला पाठ आहे. काउंटरवर जे येईल त्याला आधी नंबराची चिठ्ठी, मग बाकीच्या गप्पा. नियम माझा आणि तो डोळे मिटून पाळणारा आपला इस्त्रीवाला कडकराव. ह्या महाशयांनी मागे एकदा माझ्या जेवणाच्या डब्याला चिठ्ठी लावून तो धुवायला टाकला होता, ते तुला सांगायला नको. ह्या वेळी मात्र त्याने डोकं चालवलं, तेच नडलं. दातांच्या डॉक्टरांचे पांढरे कोट आणि त्यांच्या बायकोचा फरच्या कॉलरचा कोट न्यायला त्यांचा ड्रायव्हर आलेला होता. कॉलर बदामी, सपाता बदामी. कडकरावांनी निवाडा केला की रंग एक, केस एक, म्हणजे घर एक. चिठ्ठी लावली, कागदात बांधलं, दिलं. मी खोकं घेऊन खाली आले तर मलाच ऐकवतो, बाई, मी होतो म्हणून, नाहीतर आज जोडी फुटली असती!

माझाच नियम माझ्याच मुळावर आला, ओरडू कोणाला? तशीच रबरी चपला पायात सरकवून डॉक्टरांच्या घरी निघाले. वाटभर एकच घोर, तिथे कुत्रं असलं आणि त्याने त्या फाडल्या तर तुला काय तोंड दाखवू? तुझी शेवटची वस्तूही मी राखू शकले नाही, असं झालं असतं. बेल वाजवली. दार खुद्द डॉक्टरांनी उघडलं, आणि पायात काय तर तुझ्या सपाता! त्यांची अर्धी पावलं मागे जमिनीवर, पुढे बोटं बाहेर, आणि चेहऱ्यावर असं समाधान की बेलवरचं बोट काढायचं मला सुचेना. दिवसभर उभं राहून लोकांच्या तोंडात डोकवायचं, त्यांच्याही टाचा माझ्यासारख्याच असणार. झालं होतं असं, की बायकोला वाटलं ह्यांनी आपल्यासाठी न सांगता भेट आणली आणि गंमत म्हणून आधी स्वतः घालून बघताहेत, आणि ह्यांना वाटलं तिने आपल्यासाठी मागवली. दोघंही मनातून इतकी खूश, की विचारायचं कोणालाच सुचलं नाही. आता तो आनंद मोडायला मी दारात उभी. मी सगळी हकिगत सांगितली तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून लाजली, आणि डॉक्टरांनी एकेक सपात अशी काढली की जणू मीच त्यांचे दात काढते आहे. मग बाईंनी मला आत बसवलं, चहा केला. तिथून निघायला मला बराच उशीर झाला. का, ते शेवटी लिहिते.

आधी इकडची खबरबात. पाणी तापवायचं यंत्र पुन्हा कुरकुरतं आहे. कडकरावांच्या मुलीला नोकरी लागली, त्या आनंदात त्याने दोन सदरे जाळले. मी मजेत आहे, गुडघे सोडून. चिरंजीवांचा दर रविवारी फोन येतो. जेवलीस का, हो, तू जेवलास का, हो, बरं मग ठेवतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून कोणाकडे बोलत नाही, पण तुला सांगायला हरकत नाही. तो वाईट नाही गं. तो तुला कधी उणं बोलला नाही, पण दुणंही बोलला नाही, आणि माणूस नुसत्या शांततेवर किती दिवस जगणार? तुम्ही वेगळे झालात तेव्हा लोक मला म्हणाले, मुलाचा संसार मोडला, सावरा स्वतःला. मला मात्र मुलापेक्षा तुझं जाणं लागलं. तो कुठेही गेला तरी माझाच राहणार होता. तुझी तशी काही खात्री नव्हती. हे मी तुला तेव्हा म्हटलं नाही, कारण तुझे पाय अडकले असते. आज म्हणते.

तर डॉक्टरांची बायको. ती तुझ्याच शाळेत गणित शिकवते, हे मला कुठे माहीत होतं? तू मुलांना भूगोल शिकवतेस त्या वर्गाच्या शेजारचा तिचा वर्ग. सपाता कोणाच्या ते कळल्यावर ती एकदम मोकळी झाली, बोलता बोलता म्हणाली, बरं झालं बाई तिचं आता पुन्हा... आणि जीभ चावली. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, आता अर्धं सांगितलंत तर पुरतं सांगा. मग तिने सांगितलं, तू लग्न करते आहेस. रजिस्टर पद्धतीने, साधंच. गृहस्थ कोण, काय करतात, हे मी मुळीच विचारलं नाही. बरं, खोटं कशाला, सगळं विचारलं. रोपवाटिका चालवतात, आणि भरपूर बोलतात. जीव भांड्यात पडला माझा. रात्री मी चिरंजीवांना फोन करून सांगितलं. त्याने आधी, जेवलीस का, म्हणून विचारलं. मग म्हणाला, चांगलं झालं, आई. तिला सांग, मी म्हणालो म्हणून. त्याच्या मानाने हे भाषणच समज, आणि ते मी तुला पोचतं केलं. पण गणिताच्या बाई आणखी एक बोलल्या, आणि हे पत्र त्याच्यासाठी आहे. म्हणाल्या, नवरदेवाकडून साक्षीदार म्हणून सही करायला बहीण आहे, भाऊजी आहेत, हिच्या बाजूने कोणी नाही. आईवडील नाहीत, मामा थकलेले. हिच्या मनात एक माणूस आहे, पण कोणत्या तोंडाने विचारू म्हणते. पोरी, ते माणूस मी नसेन तर हे पत्र फाडून टाक. सपाता कुरियरने येतील आणि मी मनात काही धरणार नाही. पण मीच असेन, तर विचारायचे कष्ट घेऊ नकोस, फक्त तारीख कळव. सपाता मी स्वतः घेऊन येईन, नीट इस्त्रीची साडी नेसून येईन आणि जिथे दाखवाल तिथे सही करीन. आणि तिथे कोणी विचारलंच, की ह्या सासूबाई इथे कशा, तर त्यांना सांग, त्या मुलीकडच्या आहेत.

तुझीच,
आई