गेटवरचा डबा आणि तुमचा ब्रश

नाना, उद्या सकाळी टॉवेल कारखान्याच्या गेटवर मी ज्यांच्यासमोर उभा राहणार आहे, त्यांची आणि माझी तक्रार एकच आहे. वीस-वीस वर्षं ज्या दारातून ते आत गेले, ते दार आता त्यांना ओळखत नाही. भाषणाची सुरुवात मी तशीच लिहिली आहे. लिहिता लिहिता लक्षात आलं की हीच तक्रार मला तुमच्याकडे करायची होती आणि तुम्ही असेपर्यंत केली नाही. घरात आपण तेलुगूत बोलायचो, पण भांडायला मला मराठीच लागते, म्हणून मराठीत लिहितो.

गेटवर एक डबा बसवलाय आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक काळं कार्ड आलंय. वरून बघितलं तर नुसता प्लास्टिकचा तुकडा. पण त्याच्या पोटात पातळ पत्रा असतो आणि पत्र्यात भोकं, प्रत्येकाची वेगळी. कार्ड डब्याच्या खाचेतून ओढलं की एका बाजूनं आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड पडतो, काळ्या प्लास्टिकमधून आरपार जातो, आणि पलीकडे बसवलेले बारीक डोळे ती भोकं वाचतात. भोकं जुळली तर आडवा दांडा फिरतो, नाही तर माणूस बाहेर. हे कार्ड आणि हा डबा तुमच्या लेकीनं, माझ्या धाकट्या बहिणीनं केलाय, एमआयडीसीतल्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपमध्ये. तिला हे कुठून सुचलं ते मला विचारावं लागलं नाही. चादरीची नक्षी भोकांवरून विणणाऱ्या जकार्ड मागाची पुठ्ठ्याची कार्डं तुम्ही पंचानं भोकं पाडून करायचात, आणि प्रत्येक कार्ड मागावर चढवण्याआधी खिडकीच्या उजेडासमोर धरून भोकं वाचायचात. ती तुमच्या कोपराखाली उभी राहून वर बघायची. मी दारात उभा असायचो.

दारात का, ते तुम्हाला आठवत असेल. मी बारा वर्षांचा, ती नऊची. तुम्ही पहिल्यांदा पंच माझ्या हातात दिला होता. मी शाळेतल्या भाषणाची तयारी करत होतो, विणकरांना ते म्हणून दाखवत होतो आणि हात चालवत होतो. एक जादा भोक शेजारच्या चौकोनात पडलं. तुम्ही त्या दिवशी घाईत होतात, कार्डं खिडकीला न धरताच चढवलीत. त्या चादरींवरच्या मोराला दोन डोळे आले, एकाच गालावर. सगळ्या चादरींवर. एक म्हातारा विणकर म्हणाला, "एक डोळा आपल्याला बघायला आन् एक भाषण ऐकायला." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. माझ्या हातातला पंच काढून घेतलात, तिच्या हातात दिलात आणि मला म्हणालात, "तू बोल की. तुझं तोंड चालतंय, तिचा हात चालतोय."

त्या दिवसापासून मी बोलतोच आहे, नाना. चाळीस वर्षं. मालकांसमोर, साहेबांसमोर, उन्हात पत्र्याच्या डब्यावर उभा राहून. मिळेल ते वाचलं, कोर्टाचे निकाल पाठ केले. लोक मला अण्णा म्हणतात, माझ्या शब्दाखातर काम थांबवतात. आणि तरीही ती एखादा पत्रा उजेडासमोर धरून एक डोळा बारीक करते, हुबेहूब तुमच्यासारखा, तेव्हा मी दुसरीकडे बघतो. मला तुमचा डोळा नाही मिळाला. शेवटच्या आजारपणात तुम्ही वाटणी केलीत तीही आठवते. पंच तिला. मला तो ब्रश, दाढीचा, केस झडलेला, ज्यानं तुम्ही भोकांतला चुरा आणि मागाच्या सुयांवरचे कापसाचे तंतू झाडायचात. मी तो अपमान समजलो. अजूनही कधी कधी समजतो.

गेल्या वर्षी ती माझ्याकडे आली होती, युनियनच्या ऑफिसात, दुपारची. टेबलावर कार्डाचा नमुना ठेवला. म्हणाली, "अण्णा, मला एकदा कारखान्याच्या खात्यात घेऊन चल. बाया कार्ड कसं धरतील, कुटं ठेवतील, बघायचंय. मॅनेजर मला एसी ऑफिसातच बसवतोय."

मी पेपरातून मान वर केली नाही. "नानांनी सगळं तुलाच शिकवलंय. मला काय विचारतीस?"

"नानांनी मला खातं न्हाई दाखवलं. तिथं तू असतोस."

"मग मॅनेजरला विचार."

अर्धा चहा तसाच ठेवून ती गेली. जाता जाता तिनं विचारलं, "नानांचा ब्रश आहे का तुझ्याकडं?" मी म्हणालो, हरवला.

डबा तिनं ऑफिसच्या स्वच्छ खोलीत तपासला आणि तिथं तो एकदाही चुकला नाही. पण टॉवेलच्या खात्यात हवेत बर्फासारखा कापूस उडत असतो, तो बायांच्या केसांत बसतो, पदरावर बसतो, गळ्यातल्या कार्डावर बसतो. तो कार्डाबरोबर खाचेत जातो, बारीक डोळ्यांवर साचतो, आणि मग भोक असून डब्याला भोक दिसत नाही. ज्यानं खात्यात एक पाळी काढली असती त्याला हे सांगावं लागलं नसतं. मी तर तिथं रोज वावरतो.

काल सकाळी शिलाई खात्यातली एक बाई गेटबाहेर उभी होती. "अण्णा, साडेसहापास्नं हुबी हाय. डबा मला वळखंना झालाय."

मागची म्हणाली, "तुझा नवरा तरी वळखतोय का?"

"त्यो पगाराच्या दिवशी वळखतोय की. डब्याला त्ये बी न्हाई." ती हसली, पण तिच्या नावावर दोनदा गैरहजेरी लागली आहे, तिसऱ्यांदा लागली की घरी बसवणार. मी तिचं कार्ड घेतलं. पाठ सगळ्यांकडे केली. खाचेत आगपेटीची काडी फिरवली, तंतूंची एवढीशी गुंडाळी बाहेर आली, फुंकर मारली, कार्ड ओढलं. दांडा फिरला. ती आत पळाली. ती गुंडाळी मी खिशात घातली आणि वळून लोकांना म्हणालो, हे यंत्रच खोटं आहे.

टाळ्या पडल्या. उद्याचं भाषण त्याच टाळ्यांवर लिहिलं होतं: डबे उखडा, बनवणारीला या गेटवर पाय ठेवू देऊ नका. बनवणारी कोण, हे तिथं कुणालाच ठाऊक नाही. वाक्यं चांगली उतरली होती. आज वाचून बघितली तर त्यात त्या शिलाईवाल्या बाईसाठी काहीच नव्हतं. उखडलेल्या डब्यानं तिच्या दोन गैरहजेऱ्या पुसल्या जात नाहीत. नवा डबा येईल, त्याही खाचेत कापूस बसेल, आणि तिसरी लागेल. मी चाळीस वर्षं ज्यांच्यासाठी बोललो असं म्हणतो, त्यातली एक बाई मी माझ्या बहिणीवरच्या रागात वापरायला निघालो होतो.

खाचेच्या तोंडाशी एक मऊ ब्रश बसवला तर कार्ड आत जाता जाता झाडलं जाईल. हे मला कळतं, कारण तुम्ही माझ्या हातात ब्रश दिला होता. तिला हे सांगायचं तर आधी ब्रश हरवला नव्हता हे सांगावं लागेल. तो माझ्या कपाटात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून. तिला अजून फोन केलेला नाही. संध्याकाळच्या आत करीन.

हे पत्र कुठं टाकणार? भाषणाच्या कागदांमागे ठेवतो. भाषणाचा शेवट मात्र बदललाय, तुम्ही ऐका: बहिणींनो, भावांनो, हा डबा माझ्या सख्ख्या बहिणीनं बनवलाय आणि तिला तुमचं खातं मी दाखवलं नाही. जोवर मॅनेजर तिला खात्यात तुमच्याबरोबर एक पूर्ण पाळी उभी राहू देत नाही आणि डब्यानं लावलेल्या गैरहजेऱ्या खोडत नाही, तोवर हजेरी वहीत सही करून लावा, आणि एकानंही कार्ड खाचेत घालू नका.