साखळी कुणी धरायची

देवणी तालुका,
एप्रिल २०१६

प्रिय विशाखा,

फोन का केला नाहीस म्हणून आधी चार शिव्या घालून घे आणि मग पुढं वाच. आमच्या घरात फोनला रेंज एकाच ठिकाणी मिळते, ओसरीच्या पायरीवर, आणि तिथं सासरे बसलेले असतात. मी हॅलो म्हटलं की त्यांचं पेपर वाचणं थांबतं. शिवाय मला जे विचारायचंय ते तोंडानं विचारायला जीभ रेटत नाही. म्हणून हे पत्र.

तुला वाटत असेल, बाई लग्न करून सुखात पडली आणि आपल्याला विसरली. कसलं सुख घेऊन बसलीस! दिवस उजाडला की पाणी आणि मावळला की पाणी. गावात टँकर येतो, तो कोरड्या आडात पाणी सोडतो, आणि मग सगळ्या बाया पोहरे घेऊन तुटून पडतात. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसतं, म्हणून दुपारभर घागरी रांगेत लावून लिंबाखाली बसायचं. घरातला एक हात जरी कमी झाला तरी एक हंडा कमी. त्यामुळं मला कुठं जाऊ द्यायचा प्रश्नच नाही. माहेरी दोन दिवस म्हटलं तरी सासूबाई आधी रांजणात डोकावून बघतात.

सोयरीक ठरताना सासरे महादेवप्पा माझ्या वडिलांना म्हणाले होते, पोरीचं लातूरच्या कॉलेजातलं शेवटचं वर्ष आम्ही पुरं करून देऊ. तू तिथंच होतीस, चहा देत होतीस. आता परीक्षा तोंडावर आली, तर उत्तर ठरलेलं: पाऊस पडू दे, मग बघू. त्यात भर म्हणजे उदगीर जिल्हा होणार अशी हवा आहे. रोज चौकात तीच चर्चा, कोणता तालुका कुठं जाणार, कोणती कचेरी कुठं येणार. सासरे म्हणतात, जिल्हा झाला की सगळं इथं जवळच येईल, मग लातूर कशाला? म्हणजे आधी पाऊस पडायचा, मग जिल्हा व्हायचा, मग मी पेपर लिहायचा. आमचे हे, विरूपाक्ष, स्वभावानं गरीब आहेत, डाळमिलवरून दमून येतात आणि म्हणतात, आईला विचार. आईला विचारलं की आई आभाळाकडं बघतात. मी अगदी कोंडून गेलेय गं.

तू लग्नात दिलेला तो वीस बाजूंचा निळा फासा आठवतो? त्याचं काय झालं ऐक. सासूबाईंना तो माझ्या ट्रंकेत सापडला. सगळ्या बाजूंना आकडे! झालं, सून मटका खेळते. मी शपथा घेऊन सांगितलं की आम्ही पाच मैत्रिणी दर रविवारी विशाखाच्या खोलीत बसून गोष्ट खेळायचो, एक जण मास्टर होऊन गोष्ट सांगणार, बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होणार, आणि जमलं की फसलं ते फासा सांगणार, यात पैशाचा संबंध नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि फासा कुलपात ठेवला. त्यानंतर संक्रांतीला तू आलीस. ती भेट मी रोज आठवते. मी तुझ्यासाठी तांब्या भरून आणत होते आणि तुझं आडनाव कळताच सासूबाईंनी तो वाटेतच माझ्या हातातून घेतला. तू म्हणालीस, तहान नाही. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तहान नाही! तू गेलीस ते परत आली नाहीस, आणि मी कुठल्या तोंडानं बोलावणार होते.

बरं, आता गंमत सांगते. लिंबाखाली बसून बसून बाया एकमेकींवर खेकसायच्या, माझी घागर पुढं होती, तुझी मागं होती. एक दिवस बेजार होऊन मी म्हटलं, चला, आपण एका किल्ल्यात शिरू. जमिनीखालचा किल्ला, आत गार पाण्याची बारव. पाण्याचं नाव काढल्यावर सगळ्या गप्प! फासा कुलपात होता, म्हणून सात कवड्या घेतल्या. चारपेक्षा जास्त उताण्या पडल्या तर जमलं. शेजारच्या धुरपताबाईंना विचारलं, तुम्ही कोण होणार? त्या साठीच्या, तोंडात दात चार. म्हणाल्या, मला राक्षीण व्हायचंय, जन्मभर सगळ्यांना भिऊन झालं. माझी धाकटी जाऊ शरणम्मा बिदरकडची, ती वैदीण झाली, आणि वटवाघळं आली की खरोखर घाबरून कन्नडात ओरडायची. तुझ्याइतकी छान गोष्ट मला येत नाही, पण मी मास्टर झालेय, विशाखा. तुझे सगळे हातवारे चोरलेत.

सासूबाई आधी लांब बसायच्या, पाठ करून. रिकामे उद्योग म्हणायच्या. पण एकदा आमची मंडळी मोडक्या पुलापाशी अडली, तेव्हा पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अगं, लुगड्याला लुगडं बांधा की!" मग हळूहळू सरकत आल्या आणि पहिलवानीण झाल्या. नाव घेतलं भीमाक्का. कवड्या टाकताना त्यांचा हात बघायला हवा होतास तू. घरात सासूबाई साखराबाई, आणि लिंबाखाली भीमाक्का, दोन वेगळ्या बाया. भीमाक्का हसायची सुद्धा.

मग ते दार आलं. त्या सकाळी मी परत परीक्षेचा विषय काढला होता आणि परत आभाळ दाखवलं गेलं होतं. माझं डोकं फिरलं. दुपारी मी किल्ल्याच्या शेवटी एक दगडी दार मांडलं. साखळी ओढली की ते वर जातं, सोडली की खाली येतं. पलीकडं मोकळं रान आणि वाहती नदी. धुरपताबाई म्हणाल्या, दाराखाली धोंडा लावू. मी म्हटलं, धोंड्याचा चुरा झाला. शरणम्मा म्हणाली, साखळी खांबाला बांधू. मी म्हटलं, खांबच नाही. तू मला शिकवलं होतंस की मास्टरनं दुसरी वाट नसलेलं दार मांडू नये, ती मास्टरकी नव्हे, जेलरकी. मला सगळं आठवत होतं आणि तरी मी मांडलं. म्हटलं, एकदा यांनाही कळू दे, कोंडलं की कसं वाटतं.

कुणीतरी मागं राहायला हवं, हे ध्यानात आल्यावर सगळ्या आपोआप शरणम्माकडं बघायला लागल्या. ती वयानं लहान, आणि घरातही उरलेलं काम तिच्याकडंच येतं. तिनं मुकाट्यानं मान डोलावली. तेवढ्यात सासूबाईंनी हातातल्या कवड्या खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "मी धरते साखळी. तुम्ही निघा. मला थांबायची सवय हाय." मला रडू आलं, मी डोळ्यात धूळ गेली म्हणाले. मग टँकर आला आणि सगळ्या पोहरे घेऊन पळाल्या.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्यांनी विचारलं, परीक्षा कधी हाय तुझी. मी सांगितलं. म्हणाल्या, जा, तुझ्या वाटचं पाणी मी भरीन. सासरे ओसरीवरून म्हणाले, अगं पण जिल्हा होऊन राहिलाय. तर त्या आतूनच म्हणाल्या, "होईल तवा होईल. पोरगी आधी जाईल." अशा आवाजात मी त्यांना घरात कधी बोलताना ऐकलं नव्हतं. तो भीमाक्काचा आवाज होता. मात्र तेव्हापासून एक भलतंच होऊन बसलंय. लिंबाखाली खेळ पुढं सरकत नाही. आमची मंडळी दाराबाहेर नदीकाठी उभी आहे आणि धुरपताबाई ठाम सांगतात, भीमाक्काला घेतल्याशिवाय मी एक पाऊल टाकणार न्हाई. सासूबाईंना कुणी चहा पुढं केला तर म्हणतात, हात गुंतलेत माझे. सगळ्या हसतात. मला हसू येत नाही. दुसरी वाट मी ठेवलीच नव्हती, ती आता कुठून काढू ते तूच सांग. मास्टर तू आहेस.

आणि आता खरं काम. लातुरातली वसतिगृहं पाण्यापायी रिकामी केलीत, परीक्षा होईपर्यंत मला तुझ्याशिवाय दुसरं घर नाही. रेल्वेनं पाणी येतंय असल्या दिवसांत कुणाकडं राहायला जाणं म्हणजे त्यांच्या तोंडचं पाणी मागणं, एवढं मला कळतं. मी सासूबाईंना सांगितलं, विशाखाकडं राहीन. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग उठून निळा फासा माझ्या हातावर ठेवला, आणि कोपऱ्यातला मोठा कॅन ओढून पुढं केला. दर आठवड्याला एसटीनं असा एक भरून धाडीन म्हणाल्या. मी भीत भीत विचारलं, माझ्यापुरतं वेगळं ठेवायचं का? म्हणाल्या, "वेगळं कशाला? त्यांच्या रांजणात ओत." मी कॅन धुवायला निघाले तर उंबऱ्यापाशी मला थांबवलं. मान वर न करता म्हणाल्या, "आधी त्या पोरीला इचार. आमच्या घरचं पाणी चालंल का म्हणावं तिला." ते विचारायला हे पत्र लिहिलंय. नाही म्हणालीस तरी चालेल, विशाखा. पण उत्तर त्यांच्या नावानं पाठव, मी वाचून दाखवीन.

कॅन धुऊन उन्हात पालथा घालून बसलेली,
तुझीच
शिवलीला