पंपाचा स्टार्टर

सॅन होजे, ऑगस्ट १९९९

तीर्थरूप अप्पा, तुम्हां दोघांच्या पाया पडतो.

मी बरा आहे. सांबार जमू लागलंय. इथं आम्ही देशी इंजिनियर एका बँकेचे कंप्युटर २००० सालासाठी दुरुस्त करतोय. साहेब म्हणतो, तुमच्या देशात डोकी फार. असतील, पण त्यांतल्या एकालाही, माझ्यासकट, तिरुवैयारूच्या आपल्या पंपाला अर्थिंग करायला सवड झाली नाही.

परवा स्टार्टरचा शॉक बसला ना? जननीअक्कानं फोनवर सांगितलं. तिला रागावू नका. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत स्टार्टरला हात लावू नका, काठीसुद्धा.

घरात आपण मराठी बोलत असलो तरी अम्माला देवनागरी वाचता येत नाही, आणि पत्र वाचून दाखवताना काळजीचं तेवढं तुम्ही गाळता, हे मला ठाऊक आहे. म्हणून सहीखाली हेच सगळं तमिळमध्ये लिहिलंय. ते तिचं ती वाचेल. मग बघू, शेतावर एकटे कसे जाता.

आपला,
साईराम