वास पिणारा पाइप

३ मार्च
आज अमरावतीत रुजू झाले. अकोल्याच्या स्टँडवर बाबा बस सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते. राजापेठेत इनायतुल्लाचाचांची वरची खोली मिळाली. खिडकीखाली मोगरा आहे, खोलीभर वास. नसीमबानोचाचींनी मटकीची उसळ आणि भाकर वर पाठवली. काम आवडेल असं वाटतं. घरोघरी जाणारी नवी गॅसलाइन तपासायची: जोडांना साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघायचं, दाब टिकतो का पाहायचं. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं औषध मिसळतात. तो वास शेवटच्या घरापर्यंत पोचतो का, हे हुंगून ठरवायचं. माझं नाक तिखट, म्हणून मला निवडलं.

९ मार्च
आमच्याच गल्लीत गॅस सोडला. शेवटच्या घरी वासच नाही. आमचे साहेब, गोवर्धन सर, म्हणाले, "पाइप नवा असला का वास पिऊन घेते. पोट भरलं का येईन." असं होतं खरं. तोवर गॅस बंद ठेवू म्हटलं, तर ऐकेनात. मी नापासचा शेरा मारला.

१४ मार्च
आजही नाही. मग औषधाच्या नमुन्याची बाटली हुंगली. तिलाही वास नाही. घरी येऊन मोगरा चुरगाळून नाकाशी धरला. काही नाही. सर्दी नाही, पडसं नाही. सरांना सांगितलं. त्यांनी बाटली हुंगली, झाकण लावलं, पुन्हा उघडून हुंगली.

१९ मार्च
शेजारचे नत्थुजी गेले. संत्र्याची बाग वाळल्यावर ते शहरात आले, एकटेच राहायचे. पोलिसांनी दार तोडलं तेव्हा कळलं, जाऊन बरेच दिवस झाले होते. पोलीस रुमाल लावूनही भिंतीशी ओकत होते. गल्लीतले आम्ही सगळे दारातच उभे. एकानंही नाक धरलं नाही. चाचींनी पोलिसांना पाणी दिलं आणि मला हळूच विचारलं, "बेटी, हे लोक काहून ओकून राहिले?"

२० मार्च
गल्लीचा गॅस बंद करा म्हणून मुख्य कार्यालयाला फोन केला. वास येतो का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग अडचण काय आहे, म्हणाले.

२२ मार्च
तव्याला हात चिकटला. फोड दिसला तेव्हा कळलं. दुखत नाही. चाचांचे गुडघेही दुखायचे थांबलेत, ते खुशीत आहेत. गोवर्धन सर गल्लीत येत नाहीत, फोनही घेत नाहीत. बाबांचा फोन आला— आईला दवाखान्यात ठेवलंय. बरं म्हटलं आणि भाजी चिरत बसले. नंतर लक्षात आलं, रडायला हवं होतं.

२४ मार्च
जेवले का, आठवत नाही. चाची जिन्यात बसून होत्या. मीही बसले. मग अंधार पडला—

२५ मार्च, दुपार
गॅस मोजायचं यंत्र वाजतंय. जिन्यातून खाली जावं तसा काटा चढतो. चाचींच्या स्वयंपाकघराशी काटा शेवटाला टेकला. वास नाही.
व्हॉल्व्ह बंद करायचा. दारं-खिडक्या उघडायच्या. सगळ्यांना बाहेर— सगळं पाठ आहे.
पायरीवर बसून लिहितेय. भीती वाटायला हवी. वाट बघतेय तिची—
चाची भात टाकतायत. माचिस सापडत नाही म्हणाल्या. चाचा म्हणाले, माझ्या खिशात आहे, घे.
हाक मारते. एवढी ओळ झाली की—