दुसऱ्या डिस्कवरची मेमरी आणि भीमराज तायडे यांचा हात

प्रति,
मा. जनरल मॅनेजर साहेब,
सुवर्णरेखा पेंट्स, मुलुंड (पश्चिम).

विषय: कॉम्प्युटरच्या मेमरीला दुसऱ्या डिस्कवर जागा देणे व ऑपरेटर श्री. भीमराज तायडे यांच्यावरील चौकशी थांबवणे.
संदर्भ: कॉम्प्युटर खोलीतील 'अपघात', दि. १२ नोव्हेंबर १९८७.

महोदय,

"बसलं परत मेलं! घाल एक लाथ," हे दुपारी माझ्या कानाशी रोज ऐकू येतं. लाथ खरोखरच बसते. गेल्या महिन्यात एका टर्मिनलची काच फुटली. दोष यंत्राचा नाही. मी डेटा एन्ट्रीवरची बाई, पण मॅन्युअल वाचून वाचून एवढं कळतं.

१. यंत्राची स्वतःची मेमरी तोकडी आहे. त्यात मावत नाही ते यंत्र डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसं उचलून आणतं. याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. हा सगळा भार पहिल्या डिस्कवर आहे, प्रोग्राम आणि फायलीही तिच्यावरच. सगळे टर्मिनल चालू झाले की ती बिचारी नुसती इकडून तिकडे धावते, काम शून्य. शेजारची दुसरी डिस्क आरामात. मेमरीची फाइल दोन्ही डिस्कवर विभागावी, असं इंजिनिअरने लिहून दिलेलं आहे.

२. परंतु पहिली डिस्क प्रॉडक्शनच्या बजेटातली, दुसरी स्टोअर्सच्या. स्टोअर्सने तिच्यावर ऑइलपेंटने आपलं नाव घातलं, दसऱ्याला पूजा केली. त्यांचे सुपरवायझर श्री. जयवंत साळसकर म्हणाले, "आमच्या डिस्कवर दुसऱ्यांचा कचरा नको." यंत्र एक, मेमरी एक. तिच्यात स्टोअर्सचं किती आणि परक्यांचं किती, हे यंत्रालाही सांगता यायचं नाही. इथवर हसण्यासारखं होतं.

३. दि. १२ रोजी आपल्याच लेखी हुकमाने भीमराज दुसऱ्या डिस्कचा पॅक, म्हणजे तबकड्यांचा गठ्ठा, बसवायला गेले. साळसकर म्हणाले, "हात काढ." भीमराज म्हणाले, "मोठ्या साहेबांची ऑर्डर आहे." साळसकरांनी पाना उचलून त्या हातावरच घातला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. भीमराज वळले, तेव्हा दुसरा घाव डाव्या डोळ्यावर. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. माझी साडी पाहायची असल्यास आणून दाखवते. हाच मुलगा माझ्या कीबोर्डची अडकलेली कळ न सांगता साफ करून ठेवायचा.

४. त्या वेळी खोलीत असलेल्या बाकी सगळ्यांनी 'डिस्कचं झाकण पडलं' असं लिहून दिलं. जे झाकण आधी बोटं मोडतं आणि मग माणूस वळेपर्यंत थांबून डोळा फोडतं, त्याला आधी अटक करावी. आणि सोमवारी निष्काळजीपणाबद्दल नोकरीवरून काढणार कुणाला, तर भीमराजला! डोळा वाचत नाही म्हणतात. निदान नोकरी वाचवावी, आणि मारणाऱ्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं, ही विनंती.

५. बजेटासाठी कुणी डोळा फोडतं का, हे मी प्रत्येकाला विचारलं. मे महिन्यात प्रॉडक्शनच्या राणे साहेबांनी हीच डिस्क वापरली, तेव्हा साळसकरांनी त्यांना चहा पाजला होता. सगळे खाली मान घालून डबा खात राहिले. आता हे लिहीत असताना स्टोअर्सचे क्लार्क दादू परब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. झाकणाच्या निवेदनावर त्यांचीही सही आहे. ते म्हणाले, "बाई, बजेट-बिजेट खोडा. पूजेच्या डिस्कला त्याच्या जातीचा हात जयवंतला चालत नव्हता. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं."

आपली नम्र व प्रत्यक्ष पाहणारी,
सौ. सुगंधा परुळेकर
डेटा एन्ट्री विभाग

साक्षीदार: दादू परब

दि. १८ नोव्हेंबर १९८७